शालूची उलट बाजू

प्रस्तावना

मराठी घरांतील लग्नाच्या बस्त्यात शालूला मोठा मान असतो. 'बनारसी शालू' हे दोन शब्द तर जोडीनेच उच्चारले जातात. बनारस म्हणजेच वाराणसी किंवा काशी. उत्तर प्रदेशातील हे नगर जसे गंगेच्या घाटांसाठी प्रसिद्ध आहे, तसेच ते रेशमी विणकामासाठीही नावाजलेले आहे. मांडवात बसलेल्या नवरीच्या अंगावरचा शालू सारेच पाहतात. पण त्याची सुलट बाजूच त्यांच्या दृष्टीस पडते. जाणता गिऱ्हाईक मात्र दुकानात प्रथम पदर उलटतो आणि मागची बाजू निरखतो. कापडाचे खरे मोल तेथे कळते, असे त्याला का वाटत असावे? या प्रश्नाचा शोध घेताना साधेपणा आणि गुंतागुंत यांचे परस्परांशी असलेले नाते प्रस्तुत पाठात उलगडून दाखवले आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• बनारसी कापडावर नक्षी कशी विणली जाते, हे सांगता येईल;
• 'गुंता' आणि 'वीण' यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• एखादी गोष्ट सोपी झाली म्हणजे तिच्यातील अवघडपणा कोठे गेला, याचा विचार करता येईल;
• स्वतःच्या कामातील उदाहरणे देऊन आपले मत लिहिता येईल.

मूळ पाठ

(१) धागे तेच, क्रम निराळा

वाराणसीतील मदनपुरा, अलईपुरा, बजरडीहा अशा वस्त्यांतून जाताना गल्लीच्या दोन्ही अंगांना मागांची ठकठक ऐकू येते. येथील बहुसंख्य विणकर अन्सारी मुसलमान समाजाचे आहेत. अनेक घरांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पारंपरिक हातमागासाठी जमिनीत खड्डा केलेला असतो. विणकर त्याच्या कडेवर बसतो आणि पाय खाली सोडून पावड्या दाबतो.

साधे कापड विणण्याची रीत फारशी अवघड नाही. लांबीच्या दिशेने ताणून बसवलेल्या धाग्यांना ताणा म्हणतात आणि आडव्या धाग्यांना बाणा. एक पावडी दाबली की ताण्याचे निम्मे धागे वर उचलले जातात. वरच्या व खालच्या धाग्यांमध्ये पडलेल्या फटीतून बाण्याचा धोटा एका कडेकडून दुसऱ्या कडेला धावतो. मग फणी आपटून तो धागा आधीच्या धाग्यालगत घट्ट बसवला जातो. पुढच्या वेळी उरलेले निम्मे धागे वर येतात. या दोनच हालचाली पुनःपुन्हा करीत गेले की कापड तयार होते.

मात्र या सोप्या हालचालींच्या मुळाशी एक मोठी शिस्त आहे. साडीच्या ताण्यात हजारो धागे असतात. त्यांतील प्रत्येक धागा आपल्या ठरलेल्या जागी आणि सारख्या ताणाने बसलेला असावा लागतो. ते सारे धागे मागावरून काढून टोपलीत टाकले, तर त्यांचा गुंता होईल. तेच धागे क्रमाने लावले की त्यांतून वीण साकारते. गुंत्यात आणि विणीत धाग्यांची संख्या सारखीच असते. भेद असतो तो क्रमाचा. म्हणून वस्तूत अनेक अंगे असली की ती वाईट, आणि थोडी असली की ती चांगली, असे सरसकट म्हणता येत नाही. त्या अंगांची मांडणी कशी केली आहे, हे पाहावे लागते.

(२) नक्षी लक्षात कोणी ठेवायची?

साध्या कापडावर वेल, बुटी किंवा कैरी उमटवायची झाली की खरी कसोटी लागते. आता निम्मे धागे उचलून भागत नाही. नक्षीच्या पहिल्या ओळीसाठी काही धागे उचलावे लागतात, दुसऱ्या ओळीसाठी वेगळे, तिसऱ्यासाठी आणखी वेगळे. एका लहानशा फुलासाठीही अशा अनेक ओळी लागतात. हे सारे ध्यानात ठेवून एकेक धागा बोटाने उचलत बसला, तर विणकराचे आयुष्य एका साडीतच सरेल.

बनारसच्या कारागिरांनी यावर जो उपाय योजला होता, त्याला 'नक्शा' म्हणत. प्रथम चित्रकार कागदावर नक्षी काढी. ती चौकटींच्या कागदावर अशी उतरवली जाई की कोणत्या ओळीत कोणता धागा वर यायचा, हे चौकटी मोजून कळावे. त्यानंतर नक्शाबंद नावाचा कारागीर तीच नक्षी सुती दोऱ्यांत बांधी. कागदावरचे चित्र अशा रीतीने दोऱ्यांच्या भाषेत लिहिले जाई. हा नक्शा मागाला जोडला की दोऱ्यांचे एकेक जुडगे क्रमाने ओढायचे. त्या त्या ओळीचे धागे आपोआप वर येत. दोऱ्या ओढण्यासाठी मागापाशी एक मदतनीस बसे. पुष्कळदा तो कोवळ्या वयाचा मुलगा असे.

यातील विचार समजून घेण्याजोगा आहे. नक्षीची गुंतागुंत नाहीशी झाली नाही. नक्शाबंदाने ती एकदाच, विणकाम सुरू होण्यापूर्वी, सावकाशीने आणि विचारपूर्वक सोडवून ठेवली. विणताना उरले ते फक्त क्रमाने दोरी ओढणे. अवघड काम आधी, एकदा आणि नीट केले की नंतरचे हजारदा करायचे काम सोपे होते.

फ्रान्समधील लियाँ हे शहरही रेशमी विणकामासाठी प्रसिद्ध होते. तेथे जोसेफ मारी जकार यांनी १८०४ च्या सुमारास, त्यांच्या आधीच्या कारागिरांच्या प्रयत्नांचा आधार घेऊन, एक साधन सिद्ध केले. जाड कागदाच्या पट्ट्यांना ठरावीक ठिकाणी भोके पाडायची आणि त्या पट्ट्या एकापुढे एक ओवून माळ करायची. जेथे भोक असेल, तेथील सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेले धागे उचलले जातात. जेथे भोक नसेल, तेथील धागे खालीच राहतात. नक्षीच्या प्रत्येक ओळीसाठी एक पट्टी असते. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच खुणांतून हवी तेवढी अवघड नक्षी विणता येऊ लागली. गणकयंत्राचा आरंभीचा आराखडा करणारे इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज यांनी १८३० नंतरच्या दशकात आपल्या नियोजित यंत्रासाठी हीच कल्पना घेतली.

विसाव्या शतकात जकार यंत्र बनारसच्या मागांवर रुळले. मागापाशी बसून दोऱ्या ओढणाऱ्या मुलाची गरज त्यामुळे उरली नाही. नक्षी पूर्वी दोऱ्यांत होती, ती आता पट्ट्यांत आली. पुढे संगणकावर नक्षी तयार करून पट्ट्या पाडण्याची सोय झाली. दर वेळी गुंतागुंतीने जागा बदलली. ती संपली मात्र नाही.

पाठगत प्रश्न १
योग्य पर्याय निवडा.
१. गुंता आणि वीण यांतील भेद कशात आहे?
(अ) धाग्यांच्या संख्येत (आ) धाग्यांच्या रंगात (इ) धाग्यांच्या क्रमात (ई) धाग्यांच्या किमतीत
२. नक्शाबंद नक्षी कशात बांधीत असे?
(अ) जरीत (आ) सुती दोऱ्यांत (इ) कागदी पट्ट्यांत (ई) रेशमात
एका वाक्यात उत्तर लिहा.
३. जकार यंत्रामुळे मागापाशी कोणाची गरज उरली नाही?

(३) फेकवा आणि कढुआ

जाणता गिऱ्हाईक पदर उलटून काय पाहतो, हे आता समजू शकेल. बनारसी कापडावर जरीची बुटी विणण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली फेकवा. हिच्यात नक्षीचा जरीचा धागा कापडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फेकला जातो. जेथे बुटी असेल तेथे तो वर दिसतो. दोन बुट्यांच्या मधल्या जागेत तो मागच्या बाजूला मोकळा लोंबत राहतो. विणून झाल्यावर हे लोंबते धागे कात्रीने कापून टाकतात. विणताना हे काम वेगाने होते.

दुसरी पद्धत कढुआ. हिच्यात प्रत्येक बुटीसाठी धाग्याची वेगळी लहान कांडी असते. विणकर ती बुटीच्या हद्दीत नेतो आणि तेथूनच परत फिरवतो. एका ओळीत जितक्या बुट्या असतील, तितक्या कांड्या प्रत्येक वेळी हाताने फिरवाव्या लागतात. काम संथ चालते, मजुरी वाढते आणि एखादी साडी पूर्ण व्हायला कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही लागतात. पण अशा साडीची मागची बाजू स्वच्छ असते. तेथे लोंबते धागे नसतात, कापलेली टोके नसतात. बुटी कापडात पक्की बसलेली असते आणि तिचे धागे सहजी निसटत नाहीत.

येथे साधेपणाची दोन रूपे समोर येतात. फेकवा विणायला सोपा. पण त्याची उलट बाजू पसाऱ्याची. कढुआ विणायला किचकट. पण त्याची उलट बाजू नितळ. एक पद्धत कारागिराचे श्रम वाचवते, दुसरी वस्तूला टिकाऊपणा देते. दोन्हींना आपापली जागा आहे. स्वस्त साडी हवी असणाऱ्या गिऱ्हाइकाला फेकवा उपयोगी पडतो आणि त्यात लबाडी काहीच नाही. लबाडी होते ती फेकव्याला कढुआ म्हणून किंवा यंत्रमागावरच्या कृत्रिम धाग्याच्या कापडाला हातमागाचे रेशीम म्हणून विकण्यात. बनारसी ब्रोकेड व साड्या यांना २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे मूळ मालाची ओळख जपण्याचा हेतू होता. तरीही बाजारात नकली माल येत राहतो. सुलट बाजू दोन्हींची सारखीच झळकते, म्हणून उलट बाजू पाहणारा डोळा तयार व्हावा लागतो.

(४) भार कोणाच्या हातावर?

कोणतीही वस्तू वापरायला सोपी असली, तर तिच्यातील अवघड भाग कोणीतरी आपल्या अंगावर घेतलेला असतो. साडी विणण्यापूर्वी धागा उकलावा लागतो, ताणा लावावा लागतो, कांड्या भराव्या लागतात. फेकवा साडीचे लोंबते धागे कापावे लागतात. विणकर वस्त्यांत कांड्या भरण्याचे आणि धागे कापण्याचे काम बहुतेक घरांतील स्त्रियाच करतात. स्वयंपाक, पाणी, मुले हे सारे सांभाळून हे काम होते. त्याचा मोबदला अगदी थोडा असतो; पुष्कळदा तर विणकराच्या मजुरीतच तो धरलेला असतो आणि त्याची वेगळी गणती होत नाही. दुकानात साडी उलगडताना विणकराचे नाव क्वचित निघते; कांडी भरणारीचे तर निघतच नाही.

म्हणून 'हे किती सोपे झाले!' असे म्हणताना त्यापाठोपाठ आणखी एक प्रश्न विचारायला हवा: यातला अवघडपणा कोणाकडे गेला? नक्शा होता तेव्हा तो दोऱ्या ओढणाऱ्या मुलाच्या बालपणावर पडला होता. पट्ट्या आल्या तेव्हा तो कागदावर आणि लोखंडावर गेला. ही सोय खरी सोय म्हणावी लागेल. पण भाव पाडून मिळालेला स्वस्तपणा विणकराच्या अर्धपोटी राहण्यातून येत असेल, तर तेथे काहीच सोपे झालेले नसते. सुलट बाजू नीटनेटकी दिसावी म्हणून सारा पसारा कोणाच्या तरी माथी मारलेला असतो, एवढेच.

(५) पैठण ते काशी

महाराष्ट्रातही विणकामाचे एक प्राचीन नगर आहे, गोदावरीकाठचे पैठण. तेथील पैठणीच्या पदरावरील नक्षीचे रंगीत धागे एकमेकांत असे गुंतवलेले असतात की पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. याच पैठणचे संत एकनाथ (१५३३ ते १५९९) यांनी शब्दांच्या बाबतीत असेच एक काम केले आणि ते काशीत पूर्णत्वास नेले.

भागवताचा अकरावा स्कंध संस्कृतात आहे. त्याचे ३१ अध्याय सामान्य मराठी माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. एकनाथांनी त्यावर मराठी ओवीबद्ध टीका लिहायला घेतली. आरंभीचे अध्याय पैठणला झाले आणि ग्रंथ काशीत शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये, पूर्ण झाला. धर्मग्रंथाचा अर्थ लोकभाषेत आणण्यास काशीतील पंडितांचा आरंभी विरोध होता आणि पुढे त्याच काशीत या ग्रंथाचा गौरव झाला, अशी परंपरागत कथा आहे.

या ग्रंथाविषयी एक गोष्ट लक्षणीय आहे. मूळ श्लोक दीड हजारांहून कमी आहेत. एकनाथांच्या ओव्या मात्र अठरा हजारांहून अधिक आहेत. सोपे करणे म्हणजे छोटे करणे, अशी अनेकांची समजूत असते. एकनाथांनी सोपे करण्यासाठी विस्तार केला. दाट गाठ सोडवली की दोरा लांब होतो, तसे हे झाले. श्लोक समजून घेण्याचे कष्ट त्यांनी स्वतः घेतले आणि श्रोत्यासाठी वाट मोकळी केली.

काशीतच त्यांच्याआधी संत कबीर होऊन गेले. ते विणकर कुटुंबात वाढले. त्यांची रचना मात्र याच्या उलट वळणाची. दोन ओळींच्या दोह्यात, घरातल्या आणि मागावरच्या शब्दांत ते आयुष्याचा अर्थ सांगून जातात. एकाने विस्तार करून सोपे केले, दुसऱ्याने आटवून. साधेपणाचे माप लांबीरुंदीत नसते. ऐकणाऱ्याच्या मनात अर्थ पोहोचला की नाही, यात असते.

(६) जगण्याची वीण

माणसाचे आयुष्यही हजार धाग्यांचे असते. नोकरी किंवा मजुरी, घरातील वडीलधारी माणसे, मुलांची शाळा, देणीघेणी, आजारपण, सणवार आणि यांतून वेळ काढून केलेला अभ्यास. यांतील फार थोडे धागे तोडता येतात. आईचे दुखणे किंवा मुलाची फी ही काही आयुष्य 'साधे' करण्यासाठी टाकून देण्याची गोष्ट नव्हे. साधे जगणे म्हणजे धागे कमी करणे, असे मानले तर साधेपणा ज्याला कोणी नाही त्यालाच साधेल.

मात्र क्रम लावणे प्रत्येकाच्या हाती थोडेफार असते. सकाळी पाच वाजता डबे करणारी गृहिणी रात्रीच भाजी निवडून ठेवते. ती नक्शाबंदाचेच काम करीत असते. गवंडी वीट रचण्यापूर्वी ओळंबा लावतो, शिंपी कापडाला कात्री लावण्यापूर्वी दोनदा माप घेतो, दुकानदार रोजची उधारी रोज वहीत मांडतो. जे अवघड आहे ते आधी, शांतपणे सोडवायचे, म्हणजे घाईच्या वेळी फक्त दोरी ओढायची उरते. ज्या गोष्टींचा खरोखर उपयोग नाही, त्या मात्र कापलेल्या धाग्यांसारख्या बाजूला काढाव्यात. आणि आपली सोय घरातल्या कोणाच्या जागरणावर तर उभी नाही ना, हे अधूनमधून पदर उलटून पाहावे.

वाराणसीच्या गल्लीत संध्याकाळी माग थांबतो, तेव्हा विणकर त्या दिवशीचे कापड हाताने चाचपून पाहतो. दिवसभरात कधी कधी बोटभरच लांबी वाढलेली असते. ती बोटभर वीण उद्याच्या विणीला आधार देते. सुलट बाजू पुढे जगाला दिसेल. उलट बाजूवर त्याचा हात आताच फिरून गेलेला असतो.

पाठगत प्रश्न २
रिकाम्या जागा भरा.
१. ............ पद्धतीत प्रत्येक बुटीसाठी धाग्याची वेगळी कांडी असते.
२. एकनाथांनी आपला ग्रंथ इ. स. ............ मध्ये काशीत पूर्ण केला.
चूक की बरोबर ते लिहा.
३. सोपे करणे म्हणजे नेहमीच छोटे करणे होय.
४. कांड्या भरण्याचे काम बहुतेक घरांतील स्त्रिया करतात.

शब्दार्थ

बस्ता – लग्नासाठी करावयाची कापडखरेदी
ताणा – मागावरील लांबीच्या दिशेचे धागे
बाणा – मागावरील आडवे धागे
धोटा – आडवा धागा वाहून नेणारे विणकराचे साधन
पावडी – मागाखालील पायाने दाबावयाची पट्टी
कांडी – धागा गुंडाळलेली लहान नळी
जुडगे – एकत्र बांधलेला समूह
ओळंबा – भिंत सरळ आहे का, हे पाहण्याचे गवंड्याचे साधन
आटवणे – उकळून घट्ट करणे; येथे अर्थ, थोडक्यात आणणे

तुम्ही काय शिकलात?

• एकाच धाग्यांचा क्रम मोडला की गुंता होतो आणि क्रम लागला की वीण होते.
• चांगल्या रचनेत गुंतागुंत नष्ट होत नाही. ती योग्य वेळी आणि योग्य ठिकाणी सोडवलेली असते.
• सोपेपणा खरा की वरवरचा, हे वस्तूच्या उलट बाजूवरून कळते.
• एकाची सोय हा दुसऱ्याचा न मोजलेला भार होऊ नये.

पाठान्त प्रश्न

१. नक्शा आणि जकार यंत्र यांतील साम्य व भेद पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. फेकवा आणि कढुआ या पद्धतींपैकी एक चांगली व दुसरी वाईट असे म्हणता येईल का? सकारण लिहा.
३. 'दाट गाठ सोडवली की दोरा लांब होतो', या वाक्याचा एकनाथांच्या कार्याशी असलेला संबंध स्पष्ट करा.
४. 'साधे जगणे म्हणजे धागे कमी करणे', हे मत तुम्हाला पटते का? स्वतःच्या अनुभवाच्या आधारे दहा ओळींत लिहा.
५. उपक्रम: तुमच्या घरात रोज वापरली जाणारी एक सोपी वस्तू निवडा. ती तुमच्यापर्यंत येण्यासाठी कोणाकोणाचे हात लागले असतील, त्याची यादी करा आणि त्यांपैकी एका कामाविषयी माहितगार माणसाला विचारून परिच्छेद लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १: १. (इ) २. (आ) ३. दोऱ्या ओढणाऱ्या मदतनीस मुलाची गरज उरली नाही.
पाठगत प्रश्न २: १. कढुआ २. १५७३ ३. चूक ४. बरोबर